शिर्डीच्या प्रसादालयात गॅसऐवजी वाफेवर भात कसा शिजतो? ७३ आरशांची गोष्ट आणि तिच्यामागचं गणित

शिर्डीला गेलेला माणूस समाधीचं दर्शन घेतो, प्रसादालयात जेवतो आणि परतीची गाडी पकडतो. ताटातला भात-वरण नेमका कशावर शिजला, हा प्रश्न सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. पण त्याचं उत्तर डोक्याच्या वर, म्हणजे अक्षरशः गच्चीवर आहे. जुलै २००९ मध्ये श्री साईबाबा संस्थानने प्रसादालयासाठी ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवल्या. तेव्हाचे केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्री फारूक अब्दुल्ला यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. स्वयंपाकासाठी सूर्यावर वाफ तयार करणारी ही त्यावेळची जगातली सर्वात मोठी यंत्रणा असल्याचं सांगितलं गेलं. दिवसाला २०,००० लोकांचं जेवण शिजवण्याइतकी तिची क्षमता.

बातमी तेव्हा गाजली. पुढे सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी 'हे मंदिर सूर्यावर चालतं' अशी एखादी पोस्ट फिरत राहिली. त्या पोस्टमध्ये दोन गोष्टी नेहमी राहून जातात. ही यंत्रणा म्हणजे आपल्या घरावर बसतात ते सोलर पॅनल नव्हेत, ही एक. आणि ती सगळीकडे चालत नाही, ही दुसरी. देणगीच्या पैशातून असं काही आपल्या गावातल्या देवस्थानात करावं असं कुणाला वाटत असेल, तर या दोन्ही गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात.

पॅनल नाही, मग आहे तरी काय?

घरावरचं सोलर पॅनल सूर्यप्रकाशाची थेट वीज करतं. शिर्डीतल्या तबकड्या वीज करतच नाहीत. त्या फक्त ऊन गोळा करतात आणि एका जागी टाकतात. लहानपणी भिंगाने कागद जाळण्याचा खेळ खेळला असेल, तर तत्त्व तेच. फक्त भिंगाच्या जागी वाकवलेला आरसा आणि कागदाच्या जागी पाण्याने भरलेला लोखंडी डबा.

प्रत्येक तबकडी १६ चौरस मीटरची. म्हणजे एखाद्या लहान खोलीच्या फरशीएवढा आरसा. तो एकसंध नसतो, काचेच्या शेकडो छोट्या तुकड्यांचा बनलेला असतो. सगळ्या तुकड्यांवरचं ऊन एकाच बिंदूवर परावर्तित होतं. तिथे बसवलेल्या रिसीव्हरमधलं पाणी उकळतं, वाफ पाइपमध्ये चढते आणि तिथून खाली स्वयंपाकघरात येते.

गंमत यापुढे आहे. सूर्य दिवसभर सरकतो, मग आरशाचा तो तापलेला बिंदूही सरकायला हवा. तसं झालं तर पाण्याचा डबा, पाइप सगळंच दिवसभर हलवत बसावं लागेल. यावर तोड काढली जर्मनीच्या वोल्फगांग शेफलर यांनी. त्यांनी १९८६ मध्ये केनियातल्या एका मिशन केंद्रात आपली पहिली तबकडी उभी केली. त्यांच्या रचनेत तबकडी पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा दांड्यावर फिरते, तासाला १५ अंश, पृथ्वी फिरते त्याच्या बरोबर उलट दिशेने. त्यामुळे आरसा फिरतो, पण ऊन पडतं ती जागा हलत नाही. उन्हाळा-हिवाळ्यात सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो त्यासाठी मात्र तबकडीचा कल आणि वाकही दर काही दिवसांनी थोडा बदलावा लागतो. गावच्या वेल्डिंगच्या दुकानातही बनवता यावी, असा ही रचना साधी ठेवण्यामागचा हेतू होता. शिर्डीतल्या तबकड्या याच जातीच्या. म्हणून त्यांना 'शेफलर डिश' म्हणतात.

(पुद्दुचेरीजवळच्या ऑरोविलमध्ये नेमकं उलटं केलं आहे. तिथल्या सामुदायिक स्वयंपाकघराच्या छतावर १५ मीटर व्यासाचा वाडग्यासारखा आरसा आहे. तो जागचा हलत नाही, वरचा रिसीव्हरच सूर्याच्या मागे फिरतो.)

पण वाफच का?

एक किलो पाणी शून्य अंशावरून शंभर अंशापर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेच पाणी उकळून त्याची वाफ करायला लागते. ही सगळी उष्णता वाफ स्वतःसोबत घेऊन जाते आणि थंड भांड्याला लागून तिचं पुन्हा पाणी झालं की तिथे सोडते. म्हणजे वाफ ही उष्णतेची मालगाडी आहे. गच्चीवर भरायची, स्वयंपाकघरात रिकामी करायची.

स्वयंपाकघरात दुहेरी भिंतीची मोठी भांडी असतात. दोन भिंतींमधल्या पोकळीत वाफ सोडली की भांडं चारी बाजूंनी तापतं. शेकडो लोकांचं वरण चुलीवर शिजवताना आचाऱ्याची सगळ्यात मोठी भीती असते ती तळ लागण्याची. वाफेच्या भांड्यात ही भीती जवळपास नसते. ज्वाला नाही, धूर नाही, भट्टीसमोर उभं राहण्याचा त्रासही बराच कमी. मोठ्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला विचारलं तर कदाचित तो पर्यावरणाआधी हेच सांगेल.

वाफेवर सगळं होत नाही, हेही खरं. भात, वरण, उसळ, रस्साभाजी, दूध तापवणं, पाणी गरम करणं हे उत्तम. पण मोहरी तडतडायला ज्वालाच हवी. पोळी-भाकरी वाफेवर भाजत नाही. बुंदी वाफेत तळता येत नाही. त्यामुळे 'गॅसमुक्त प्रसादालय' असं कुणी लिहिलं तर ते वाक्य तिथेच खोडावं. शिर्डीची यंत्रणा आधीच्या बॉयलरला जोडलेली आहे. ऊन असेल तेव्हा वाफ आरशांची, ढग आले की बॉयलर. सूर्य इथे मुख्य इंधनाला हात देतो, त्याची जागा पूर्णपणे घेत नाही.

बचतीचा दावा किती खरा?

यंत्रणा सुरू झाली तेव्हा वर्षाला सुमारे एक लाख किलो एलपीजी वाचेल असं सांगण्यात आलं होतं. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये, त्यातलं सुमारे ५८ लाखांचं अनुदान केंद्राचं. हे आकडे पोस्टमध्ये जसेच्या तसे फिरतात. त्यांना थोडं तपासून पाहता येतं, त्यासाठी दहावीचं भौतिकशास्त्र पुरतं.

७३ तबकड्या गुणिले १६ चौरस मीटर, म्हणजे एकूण १,१६८ चौरस मीटर आरसा. स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर थेट उन्हाची साधारण ५ ते ६ युनिट ऊर्जा पडते, असं धरू. म्हणजे दिवसाला साडेसहा हजार युनिटच्या आसपास. आता दुसरी बाजू. वर्षात ३०० दिवस ऊन धरलं तर एक लाख किलो वाचवायला रोज ३३३ किलो गॅस वाचायला हवा, म्हणजे १९ किलोचे सतरा-अठरा सिलिंडर. एक किलो एलपीजीत सुमारे १२.८ युनिट ऊर्जा असते. बॉयलरमध्ये त्यातली वीस टक्के वाया जाते असं धरलं, तर रोज साधारण ३,४०० युनिट उष्णता आरशांनी द्यायला हवी.

म्हणजे आरशांवर पडणाऱ्या उन्हापैकी निम्म्याहून अधिक भाग वाफेत उतरायला हवा. इथे अडचण येते. शेफलर तबकडी सूर्यासमोर सरळ उभी नसते, तिरकी असते. १६ चौरस मीटरचा आरसा प्रत्यक्षात ११-१२ चौरस मीटरइतकंच ऊन पकडतो. शिवाय काच सगळा प्रकाश परत फेकत नाही, रिसीव्हर हवेत उष्णता गमावतो, पाइप गमावतो, आणि धूळ तर आहेच. त्यामुळे एक लाख किलो हा आकडा वरच्या टोकाचा म्हणावा लागतो. सगळं मनासारखं चाललं तरच त्याच्या जवळपास पोहोचता येईल.

पण म्हणून पैसे वाया गेले असंही म्हणता येत नाही. बचत निम्मी, म्हणजे वर्षाला ५०,००० किलो धरा. तेव्हाचा गॅस किलोला ४० रुपये इतका कमी धरा. तरी वर्षाला २० लाख वाचतात. अनुदान वजा जाता संस्थानचे पाऊण कोटी गेले असं मानलं, तर ते चार वर्षांत वसूल. तबकड्या नीट ठेवल्या तर त्याहून कितीतरी जास्त टिकतात. दाव्याला अर्ध्यावर आणूनही व्यवहार फायद्याचा ठरतो. मग फुगवलेला आकडा सांगण्याची गरज काय, असा प्रश्न पडतो.

ही कल्पना शिर्डीत आली कुठून?

मंदिरं आणि आश्रमांमध्ये हे तंत्र रुजण्यात मोठा वाटा ब्रह्माकुमारी संस्थेचा आहे. १९३०च्या दशकात सिंधमधल्या हैदराबादेत सुरू झालेली ही संस्था १९५० मध्ये राजस्थानात माउंट अबूला आली. तिच्या शिबिरांना हजारो लोक एका वेळी मुक्कामाला असतात. इतक्या लोकांच्या स्वयंपाकाचा प्रश्न होता, आणि राजस्थानात ऊन भरपूर. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थेने शेफलर तबकड्यांवर वाफेचं स्वयंपाकघर उभारायला सुरुवात केली. अबू रोडजवळच्या शांतिवन परिसरात पुढे ८४ तबकड्यांची यंत्रणा आली. त्यानंतर तिरुमला तिरुपती देवस्थानने १०६ तबकड्या बसवल्या, तो काळ २००२च्या आसपासचा. शिर्डीतही २००९च्या आधी एक लहान यंत्रणा चालवून पाहिली होती, मग मोठी आली.

हा क्रम नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. त्या काळात वाफ तर भारतातल्या असंख्य कारखान्यांना लागत होती. दूध डेअऱ्या, कापड रंगवणारे, औषध कंपन्या. तरीही सूर्याची वाफ आधी देवस्थानांच्या आणि आश्रमांच्या गच्चीवर दिसली. असं का झालं असावं?

श्रद्धा हे त्याचं एक कारण असेल, पण एकमेव नक्कीच नाही. देवस्थानाच्या स्वयंपाकघराची गरज आणि सूर्याचं वेळापत्रक जुळतं. मुख्य जेवण दुपारी, म्हणजे शिजवायची वेळ सकाळी आठ ते एक. तेव्हाच ऊन. मेनू ठरलेला, वाफेवर होणारा. जेवणारे रोज येतात, रविवारची सुट्टी नाही, त्यामुळे तबकड्या रिकाम्या राहत नाहीत. इमारतीची गच्ची स्वतःची, भाड्याची नाही, आणि पुढची पन्नास वर्षं संस्था तिथेच असणार हे नक्की. कारखानदाराला गुंतवणूक दोन-तीन वर्षांत परत हवी असते. देवस्थान सहा-सात वर्षं थांबू शकतं.

आणि माणसं. हा मुद्दा तांत्रिक लेखांत येतच नाही. आरसे पुसावे लागतात. धुळीने माखलेला आरसा म्हणजे फक्त एक महागडी जड वस्तू. रोज सकाळी तबकड्या सूर्यासमोर आहेत का ते पाहायचं, दर काही दिवसांनी कल बदलायचा, रिसीव्हरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून पाणी मऊ करायचं, गळकी वाल्व बदलायची. हे काम अवघड नाही, कंटाळवाणं आहे. ज्या संस्थेत सेवा म्हणून किंवा नेमून दिलेलं काम म्हणून कुणीतरी ते रोज करतं, तिथे यंत्रणा चालते. जिथे उद्घाटनानंतर कुणाच्याच अंगावर ती जबाबदारी नसते, तिथे एका पावसाळ्यात तिचं भंगार होऊ शकतं.

रात्री सूर्य कुठून आणायचा?

ब्रह्माकुमारींनी पुढचं पाऊल टाकलं ते अबू रोडलाच. 'इंडिया वन' नावाचा प्रकल्प, जो २०१७ मध्ये पूर्ण सुरू झाला. इथे वाफेवर स्वयंपाक नाही, टर्बाइन फिरते आणि वीज होते. ७७० तबकड्या, प्रत्येक ६० चौरस मीटरची, सुमारे ३५ एकर जागा, क्षमता एक मेगावॉट. केंद्र सरकार आणि जर्मन सरकार या दोघांची मदत त्याला होती.

त्यातली खरी नवलाई साठवणुकीत आहे. प्रत्येक तबकडीसमोर ओतीव लोखंडाचा जाड ठोकळा बसवला आहे. दिवसभर ऊन त्याला तापवत राहतं, तो ४५० अंशांपर्यंत जाऊ शकतो. सूर्य मावळला की ठोकळ्याचं तोंड झाकलं जातं आणि आत साठलेल्या उष्णतेवर रात्री वाफ करता येते. रचना १६ तासांच्या साठवणुकीची. बॅटरी नाही, लिथियम नाही, नुसतं लोखंड.

३५ एकरांत एक मेगावॉट हे ऐकून सोलरवाले हसतील, कारण आज पॅनलचा एक मेगावॉट चार-पाच एकरांत बसतो. पण ही तुलना अर्धवट आहे. पॅनलचा एक मेगावॉट दिवसाला साधारण चार-पाच हजार युनिट देतो. रात्रंदिवस चालणारा एक मेगावॉट म्हणजे वीस हजारांहून जास्त. तेवढ्या युनिटसाठी पॅनलनाही वीस-पंचवीस एकर लागले असते, आणि रात्रीसाठी बॅटऱ्या वेगळ्या.

मग सगळीकडे तबकड्या का दिसत नाहीत?

कारण दरम्यान पॅनल स्वस्त झाले. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं तेव्हा २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट हे लक्ष्यही मोठं वाटत होतं. २०१५ मध्ये ते एक लाख मेगावॉट केलं गेलं. किमती इतक्या पडल्या होत्या.

उष्णतेपुरतं बोलायचं तर एका चौरस मीटरमागे तबकडी अजूनही पुढे आहे. साधारण पॅनल उन्हाच्या वीस टक्के वीज करतं, चांगली ठेवलेली तबकडी पकडलेल्या उन्हाची त्याच्या दुप्पट उष्णता देऊ शकते. पण पॅनलला सूर्यामागे फिरावं लागत नाही. पाणी नको, वाल्व नको, रोजचा माणूस नको. त्याची वीज दिव्याला चालते, पंपाला चालते, उरली तर महावितरणच्या जाळ्यात जाते. शिवाय पातळ ढगातही पॅनल थोडीफार वीज देतं. आरशाला मात्र सावली पाडणारं, कडक ऊनच लागतं. ढगातून पसरून येणारा प्रकाश एका बिंदूवर गोळा करता येत नाही. म्हणूनच पर्जन्यछायेतल्या शिर्डीत जे चाललं ते कोकणातल्या देवस्थानात जून ते सप्टेंबर चार महिने बंद पडून राहील.

लोहाऱ्यासारख्या गावाने काय करावं?

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा गावाचं उदाहरण घेऊ. विदर्भातल्या कुठल्याही गावासारखं इथेही सप्ताह, पारायण, महाप्रसाद म्हटलं की मोठ्या कढया, सरपण, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी हेच चित्र. उन्हाळ्यात ऊन इतकं की तबकड्यांचा मोह होणं साहजिक आहे.

मोह आवरलेला बरा. गावच्या मंदिरात दोन हजार माणसं जेवतात ती वर्षातून दोन-चार दिवस. उरलेले तीनशे साठ दिवस तबकडी कुणासाठी वाफ करणार? रोज काही शे माणसांचा स्वयंपाक जिथे होतो, म्हणजे मोठं देवस्थान, आश्रमशाळा किंवा वसतिगृह, तिथेच हा विचार सुरू होतो. रोज उरणारं अन्न, भाज्यांची सालं आणि निर्माल्य भरपूर असेल तर आधी बायोगॅसचा विचार करावा. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं 'निसर्गऋण' तंत्र त्यासाठीच आहे, आणि बायोगॅसवर फोडणीही बसते, पोळीही भाजते.

लहान मंदिरासाठी छतावरचे पॅनल हाच सरळ मार्ग. तीन किलोवॉटला सुमारे तीनशे चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. दिवे, पंखे, भोंगा, बोअरची मोटर यांना ती पुरून उरू शकते. उरलेली वीज जाळ्यात देऊन बिलातून वजा करून घेण्याचे, म्हणजे नेट मीटरिंगचे नियम महाराष्ट्रात २०१५ पासून आहेत.

इथे दोन ठिकाणी गावं अडकतात. पहिलं अनुदान. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात, पण ते घरांसाठी आहेत. एजंट मंदिरालाही ते मिळवून देतो म्हणत असेल तर आधी लेखी मागा. दुसरं, मीटर कुणाच्या नावावर आहे? अनेक गावांत मंदिराचं मीटर कधीकाळच्या पुजाऱ्याच्या, पाटलाच्या किंवा हयात नसलेल्या पंचाच्या नावावर असतं आणि मंदिराची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणीच झालेली नसते. नेट मीटरचा अर्ज तिथेच थांबतो. वर्गणी गोळा करण्याआधी नोंदणी आणि मीटरचं नाव ही दोन कामं उरकावीत, नाहीतर पॅनल छतावर आणि वीज हवेत अशी गत होते.

एवढं सगळं केल्यावरही काल्याच्या दिवशीची मोठी कढई सरपणावर किंवा गॅसवरच चढेल. पॅनलने कमी होईल ते मंदिराचं दर महिन्याचं वीजबिल.